कायावाचामने तटस्थ

युद्धाआधी कप्तानाच्या जहाजाची सगळी कागदपत्रं एका पाकिटात मावत. नोंदणीचा दाखला, मालाची यादी, खलाशांची यादी, बंदर सोडायचा परवाना आणि जहाजावर कुणाला साथीचा रोग नाही असं सांगणारं डॉक्टरांचं पत्र. मग वरच्यांनी खालच्यांवर आणि खालच्यांनी वरच्यांवर तोफा रोखल्या, आणि ज्यांचं कुणाशीच भांडण नव्हतं त्यांच्यामागे कागदांचा ससेमिरा लागला. नकाशात एक देश वर होता नि दुसरा खाली, म्हणून बंदरातले लोक त्यांना वरचे आणि खालचे म्हणत. देशांची खरी नावं घ्यायचं सगळेच टाळत. न जाणो, उच्चारात कुणाला जिव्हाळा दिसायचा.

तटस्थ देशाचं व्यापारी जहाज अडवून धरायचं नाही, हा नियम दोन्हीकडे होता. पण जहाज तटस्थ आहे हे तोंडी सांगून भागत नसे. ते कागदाने सांगावं लागे. त्यासाठी बंदर कचेरीत एक नवं खातं उघडलं, आणि त्या खात्याचे साहेब भाषेचे भारी शौकीन निघाले. ‘तटस्थ’ हा एकटा शब्द त्यांना फार कोरडा वाटला. त्यांनी मसुदा केला तो असा: ‘सदर जहाज, त्याचा मालक, त्यावरील माल व त्यावरील यच्चयावत व्यक्ती या युद्धाच्या बाबतीत कायावाचामने तटस्थ आहेत.’ खाली जहाजावरच्या प्रत्येकाची सही.

कप्तानाला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो मोजकं बोलणारा, मोजकं वाचणारा माणूस. वादळात चाकाशी उभा राहिला की खलाशांना धीर यायचा. त्याला आयुष्यात घाम फोडला तो एकाच व्यक्तीने, आणि या फेरीला नेमकी तीच व्यक्ती जहाजावर येणार होती. त्याच्या सासूबाई.

त्याला इलाज नव्हता. कप्तानाचं बिऱ्हाड पलीकडच्या बंदरात होतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बायकोला दिवस राहिले होते, डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायला मनाई केली होती, आणि प्रवासी बोटी युद्धामुळे बंद पडल्या होत्या. ‘आईला घेऊन ये, कसंही कर पण घेऊन ये,’ असं तिने कळवलं होतं. कप्तानाने आपली केबिन झाडून घेतली, उशीला नवी खोळ घातली आणि स्वतःचं अंथरूण नकाशांच्या खोलीत, टेबलाखाली टाकलं.

सासूबाईंना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं. निम्मी मतं साफ चुकीची असत, पण त्याने त्यांचं काही बिघडत नसे. कप्तानाचं पहिलं जहाज बुडणार असं त्यांनी लग्नातच सांगितलं होतं. ते भंगारात निघेपर्यंत तरंगलं. त्याचा दुय्यम अधिकारी पक्का दारुडा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्या बिचाऱ्याला खोकल्याचं औषधसुद्धा चढायचं. या दुय्यमाचं नाक जरा डावीकडे वळलेलं होतं म्हणून खलाशी त्याला होकायंत्र म्हणत. सासूबाईंनी ‘आज आभाळ स्वच्छ राहील’ म्हटलं आणि तुफान आलं, तर त्या शांतपणे म्हणत, “हवा चुकली.”

दाखल्यावर सही करायच्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, मजकूर पहिल्या शब्दापासून वाचला आणि कारकुनाला विचारलं की ‘मने’ कशाला घातलंय. कारकून म्हणाला, साहेबांची लेखणी आहे, चालते. सासूबाई म्हणाल्या की सही करते, पण मनाची हमी देत नाही, कारण त्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेलंच नाही. कारकुनाने शाईवर टिपकागद दाबला आणि एवढं खाली कुणी वाचत नाही अशी कप्तानाची समजूत घातली.

जहाज निघालं. माल म्हणजे घडीच्या लाकडी खुर्च्या. पलीकडच्या बंदरात नवं नाट्यगृह उभं राहत होतं, तिथे जायच्या होत्या. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी डेकवर फेरी मारून खलाशी दोर उलटा गुंडाळतात असा शोध लावला, स्वयंपाक्याला सूप कसं करू नये ते सांगितलं, आणि जहाज नको तेवढं हलतं याचा ठपका जावयावर ठेवला. हे सगळं कप्तानाने गिळलं. पण किनारा दिसेनासा झाला तेव्हा तो धीर करून त्यांच्यापुढे उभा राहिला.

“आई, एक विनंती होती.”

“बोला ना जावईबापू. घशात काही अडकलंय का?”

“वाटेत कुणाची युद्धनौका भेटली, तर युद्धाबद्दल काही बोलू नका.”

“मी कशाला बोलेन? कुणी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर तोंडाला कुलूप.”

कप्तानाला हायसं वाटलं. तो इतकी वर्षं समुद्रावर होता. नौदलाच्या माणसाने कुणाच्या सासूला काही विचारल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

पुढे खालच्यांची नौका आडवी आली. निशाणांची खूण झाली, एक गोळा पाण्यात पडला, इंजिन थांबलं. नावेतून तपासणी अधिकारी वर चढला. उंच, काटकुळा, अतिशय सभ्य आणि सर्दीने बेजार. एका हातात रुमाल, दुसऱ्यात कागदांची पिशवी. त्याने पायरीवरच सांगून टाकलं की आमचे शत्रू जहाजं आधी लुटतात आणि कागद मागाहून वाचतात, पण आमचं नौदल कागदाचा मान राखतं.

आणि खरंच राखला. सगळे दाखले त्याने उजेडात धरून पाहिले. मग खुर्च्यांचा प्रश्न आला. युद्धाला उपयोगी पडणारा माल नेता येत नव्हता, आणि सेनापती तर खुर्चीवर बसूनच नकाशा बघतो. अधिकाऱ्याने आपल्या एका धिप्पाड खलाशाला खुर्ची उघडून बसायला सांगितलं. खुर्ची त्याच्यासकट मिटली. त्याला सोडवायला दोघे लागले. अधिकाऱ्याने शेरा मारला, ‘या खुर्चीवर बसून कोणतेही युद्ध जिंकता येणार नाही,’ आणि माल पास केला.

कप्तान त्याला निरोप द्यायच्या बेतात होता, तेवढ्यात अधिकाऱ्याची नजर त्या वाक्यावर गेली. कायावाचामने. त्याने ते दोनदा वाचलं आणि त्याचे डोळे पाणावले; सर्दीमुळे की आदराने, हे कप्तानाला कळलं नाही. तो म्हणाला की इतका प्रामाणिक दाखला आपण नोकरीत कधी पाहिला नाही. हा नुसता बघून परत देणं म्हणजे लिहिणाऱ्याचा अपमान. यातला शब्द अन् शब्द तपासायला हवा.

कप्तानाने नम्रपणे सुचवलं की अपमान झाला तरी साहेब मनावर घेणार नाहीत. पण तोवर युद्धनौकेवरून डॉक्टर आणि दोन झेंडे मागवले गेले होते.

सगळ्यांना डेकवर रांगेत उभं केलं. डॉक्टर एकेकाचं मनगट धरायचा, एक खलाशी आधी खालच्यांचा झेंडा दाखवायचा, मग वरच्यांचा, आणि नाडीत फरक पडतो का ते लिहिलं जायचं. इंजिनवाल्याची नाडी दोन्ही झेंड्यांना सारखीच मठ्ठ होती. मधेच खालून बॉयलर कुरकुरला तेव्हा मात्र ती उसळली. स्वयंपाक्याची दोन्हीकडे सारखीच धावली, कारण तो दोघांनाही सारखाच घाबरला होता. होकायंत्रापाशी गाडी अडली. त्याचं नाक वरच्यांच्या झेंड्याकडे होतं. त्याने शपथेवर सांगितलं की हे जन्मापासूनचं आहे. शेवटी झेंड्यांची जागा बदलली, तेव्हा नाक खालच्यांकडे झालं आणि हिशेब मिटला.

सासूबाई रांगेत शेवटी होत्या. त्यांनी डॉक्टरांना हात दिला आणि नखं कापायला झाली आहेत असं सुनावलं. नाडी भिंतीवरच्या घड्याळासारखी संथ. या झेंड्याला तेवढीच, त्या झेंड्याला तेवढीच. डॉक्टर शेरा मारणार, इतक्यात अधिकाऱ्याला शिंक आली. ती आवरल्यावर तो निव्वळ सौजन्यापोटी म्हणाला, “एक औपचारिक प्रश्न, बाई. या युद्धात कुणाची सरशी व्हावी असं तुम्हाला वाटतं?”

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. जावयाने समुद्राकडे पाहिलं.

“विचारलंत म्हणून सांगते,” त्या म्हणाल्या. “वरच्यांची.”

डॉक्टरच्या हातातून मनगट सुटलं. अधिकाऱ्याने रुमाल खाली घेतला आणि कारण विचारलं. कारण तयार होतं. त्यांच्याकडे वरच्यांच्या देशातलं शिवणयंत्र होतं. त्यावर लोकांचे कपडे शिवून त्यांनी दोन पोरं वाढवली, आणि त्या यंत्राची सुई कधी एवढीशीसुद्धा वाकडी चालली नाही. आणि छत्री होती खालच्यांच्या देशातली. यजमानांच्या अंत्ययात्रेत भर पावसात ती फटकन उलटी झाली. “मी रडत होते आणि मागचे लोक हसू दाबत होते. छत्रीला साधी तार धड घालता येत नाही, आणि निघालेत राज्य करायला.”

अधिकाऱ्याने हे सगळं लिहून घेतलं, ‘फटकन’सुद्धा. मग त्याने अतिशय दुःखी चेहऱ्याने सांगितलं की जहाज कायेने तटस्थ आहे, वाचेने मघापर्यंत होतं, पण मनाने नाही. सबब ते ताब्यात घेण्यावाचून गत्यंतर नाही. आणि एवढा सुंदर दाखला खोटा ठरला याचं आपल्याला फार वाईट वाटतं.

जहाज खालच्यांच्या बंदरात नेऊन बांधलं. तिथे जप्त जहाजांचं न्यायालय होतं, पण न्यायालयाच्या इमारतीत सैन्याचे बूट भरल्यामुळे ते एका नृत्यशाळेत भरत होतं. चारी भिंतींना आरसे, आणि कमरेइतक्या उंचीवर मुलींनी धरायचा लाकडी दांडा. साक्षीदार तो दांडा धरून उभे राहत. न्यायाधीश म्हातारे होते आणि आरशांमुळे त्यांना दर वेळी वाटे की सुनावणीला खूप गर्दी झालीय.

सरकारने कप्तानाला एक वकील दिला होता. गोल, उत्साही, बोलताना टाचांवर उचलला जाणारा. त्याने एका सकाळीच तोडगा काढला. दाखल्यात ‘यच्चयावत व्यक्ती’ मनाने तटस्थ असाव्यात असं म्हटलंय. मालाला मन नसतं. तेव्हा सासूबाईंना माणसांच्या यादीतून काढून मालाच्या यादीत घालावं. शत्रूकडे कल असलेला माल तेवढा उतरवून घेता येतो. बाकी माल आणि जहाज मोकळं. कप्तानाने फक्त यादीच्या तळाशी एक ओळ घालून सही करायची: ‘सासू, नग एक.’

न्यायाधीशांना हे कायद्याच्या दृष्टीने फार सुबक वाटलं. त्यांनी कप्तानाला विचार करायला दुसऱ्या सकाळपर्यंत मुदत दिली.

विचार करण्यात सगळं जहाजच त्याच्या मदतीला आलं. होकायंत्र म्हणाला की म्हाताऱ्यांना इथे चांगलं वागवतात, असं ऐकलंय. स्वयंपाकी म्हणाला की सूप तर इथलं नक्कीच त्यांच्या पसंतीचं असेल. इंजिनवाल्याने तर यादी आणि दौत आणून कप्तानापुढे ठेवली. कप्तान त्या कोऱ्या ओळीकडे बघत बसला. या बाईने नाहीसं व्हावं असं त्याच्या मनात आलं नव्हतं, असं नाही. साखरपुड्यापासून अधूनमधून येत होतं. आता दैवाने दारात गाडी आणून उभी केली होती, आणि त्याचा हात टाकाकडे जात नव्हता.

तो केबिनमध्ये गेला, तर सासूबाईंनी सामान बांधायला घेतलं होतं.

“सही करा,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “पोरीचे दिवस भरत आलेत. आपण दोघंही इथे बसून राहिलो तर तिच्याजवळ कोण? मला काय धाड भरलीय. इथे राहीन, या लोकांना तारा कशा घालायच्या ते शिकवीन.”

बोलताना त्या एकच चादर पुन्हा पुन्हा उलगडून घडी घालत होत्या. कप्तानाने ते पाहिलं. तो म्हणाला, “त्या पेटीचा पट्टा सोडा आई, तुटेल,” आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तो दांडा धरून न्यायाधीशांपुढे उभा राहिला. बोलायची सवय नसल्याने त्याने शब्द रात्रीच जुळवून ठेवले होते, ते ऐनवेळी पळाले.

“सही करणार नाही,” तो म्हणाला. “घरी गेल्यावर बायको विचारेल, आई कुठेय. काय सांगू? उतरवून घेतली?”

न्यायाधीश म्हणाले की नेमकं तसंच सांगायचं, पावती मिळेल.

“आणि साहेब, माझ्या सासूबाई म्हणजे एक नग आहेत, हे मी लग्न झाल्यापासून म्हणत आलोय. पण ते या अर्थाने नव्हे.”

नृत्यशाळेत कुणीतरी खुसखुसलं, आणि आरशांमुळे खुसखुसणारे बरेच दिसले. सासूबाई मागच्या बाकावर होत्या. मागे वळायची कप्तानाला छाती झाली नाही, पण आरशात त्याला त्या दिसल्याच. त्या त्याच्या पाठीकडे अशा बघत होत्या, जसं एखादं ओळखीचं कपाट अचानक बोलू लागावं.

आता कायद्यापुढे एकच वाट उरली. व्यक्ती तटस्थ नसेल तर ती तटस्थ करावी लागेल. न्यायाधीशांनी हुकूम दिला: सासूबाईंना सरकारी पाहुण्या म्हणून ठेवावं आणि त्यांचं मन मधोमध येईपर्यंत त्यावर काम करावं. काम सर्दीवाल्या अधिकाऱ्याकडे आलं. नाडी बघायला डॉक्टर होताच. सोबतीला जावई असावा, अशी अट सासूबाईंनी स्वतः घातली. कप्तानाला ती हुकमाइतकीच चमत्कारिक वाटली.

पहिल्यांदा त्यांना छत्र्यांच्या कारखान्यात नेलं. तिथे त्यांनी तीन कारागिरांना रडवलं आणि मत जागचं हललं नाही. मग बागा दाखवल्या, बँड ऐकवला, नदीकाठच्या हॉटेलात उन्हाची खोली दिली. कांद्याच्या सुपाने थोडा फरक पडला. रोज संध्याकाळी अधिकारी तोच औपचारिक प्रश्न विचारी, सासूबाई उत्तर देत, आणि डॉक्टर एका तक्त्यावर काटा थोडासा सरकवी. उरलेला वेळ त्या अधिकाऱ्याच्या सर्दीवर उपाय सांगत. तो ते इमानाने करी आणि त्याची सर्दी वाढे.

एका दुपारी स्टेशनाजवळून जाताना गर्दीने त्यांची गाडी थांबली. फलाटावर नवी फौज निघाली होती. ज्यांना अजून धड दाढी फुटली नव्हती असे मुलगे, आणि त्यांच्या कोटांची बटणं लावून देणाऱ्या आया. एका मुलाचं बटण तुटलं आणि त्याची आई ते जमिनीवर शोधू लागली. सासूबाई गाडीतून उतरल्या, पिशवीतला सुईदोरा काढला आणि आगगाडी सुटायच्या आत बटण शिवून दिलं. मग त्या परत येऊन बसल्या. संध्याकाळी प्रश्न विचारताच म्हणाल्या, “खालच्यांची सरशी होऊ दे. सुखरूप येऊ देत पोरं.”

अधिकाऱ्याने आनंदाने कप्तानाला मिठी मारली. डॉक्टरने टोपी उडवली. न्यायाधीशांना निरोप गेला, आणि न्यायाधीशांनी सगळ्यांच्या आनंदावर पाणी ओतलं. ही बाई आता आपल्या बाजूची आहे, म्हणजे तटस्थ नाहीच. अशी सासू असलेलं जहाज वरचे जप्त करतील, आणि आपल्या न्यायालयाच्या शिक्क्याचं हसं होईल. हिला मागे आणा.

मग उलटं काम सुरू झालं. उन्हाची खोली काढून घेतली आणि पाण्याचा नळ गुरगुरतो ती खोली दिली. कॉफी पातळ केली. मंत्रिमहोदयांच्या भाषणाला पहिल्या रांगेत बसवलं. ते संपायच्या आत सासूबाई पुन्हा वरच्यांच्या झाल्या, आणि जरा जास्तच झाल्या. परत कांद्याचं सूप. परत नळ. काटा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. अधिकारी खंगत चालला. कप्तान मात्र नुसत्या भुवईवरून आजचं मत ओळखायला शिकला. वाऱ्याचा अंदाज बांधण्याहून ते फारसं वेगळं नव्हतं.

नळाच्या खोलीत एकदा ती दोघं बसली असताना सासूबाई आपणहून म्हणाल्या, “ती छत्री यजमानांनीच आणली होती. मला आवडली नव्हती, तसं मी त्यांना सांगितलंही होतं. मग ते गेल्यावर म्हटलं, आज तरी घेऊ.” कप्तानाने उठून नळ घट्ट पिळला. गुरगुर थांबली नाही, पण सासूबाई म्हणाल्या, थोडी कमी झाली.

शेवट आला तो अगदी साधेपणाने. सकाळचा नाश्ता होता. कॉफी चांगली होती आणि पाव करपला होता. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापलं होतं की एका टेकडीवर खालच्यांनी मोठा विजय मिळवला, आणि आतल्या पानावर, त्याच टेकडीवर मोठा विजय मिळवल्याचा वरच्यांचा दावा कसा हास्यास्पद आहे ते. सासूबाईंनी दोन्ही पानं वाचली आणि पेपर उलटा ठेवला.

“कुणाची सरशी व्हावी, बाई?” अधिकाऱ्याने आशा सोडलेल्या आवाजात विचारलं.

“कुणाची नको. टेकडी तिथेच राहू दे आणि दोघांनाही घरी जाऊ दे.”

डॉक्टरने काटा सरकवला. तो बरोबर मध्ये आला. अधिकारी सपाता पायात तशाच ठेवून रस्त्याने पळत सुटला.

पुढची सगळी धांदल कप्तानाला नीट आठवतही नाही. मन मध्ये आहे तोवर जहाज सुटायला हवं होतं. सासूबाईंना बजावलं की रस्त्याने फक्त स्वतःच्या पायाकडे बघायचं, आजूबाजूला काही चांगलं किंवा वाईट दिसता कामा नये. कोपऱ्यावरच्या बँडला हातानेच गप्प केलं. एक हमाल प्रेमाने पेटी उचलायला आला, त्याला हाकलला; हाकललेलं त्यांना दिसलं तर पंचाईत, म्हणून पुन्हा बोलावून पाठीमागून चालायला लावला. न्यायाधीश घरच्या झग्यातच धक्क्यावर आले होते. मेज नव्हतं, म्हणून त्यांनी कप्तानाला वाकायला सांगितलं आणि त्याच्या पाठीवर दाखला ठेवून शिक्का मारला. खालच्या ओळीत लिहिलं: ‘तपासले. आत्ता आहे.’

शिडी काढताना अधिकाऱ्याला जोरात शिंक आली. सासूबाई थबकल्या.

“तुम्ही ना, गरम पाण्यात पाय...”

“बाई,” अधिकारी दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाला, “कृपा करा, आत्ता काही बोलू नका. पत्राने कळवा.”

खुल्या समुद्रात वरच्यांची नौका भेटली ती अपेक्षेप्रमाणेच. सासूबाई या वेळी तयारीत होत्या. त्यांनी चांगलं लुगडं नेसलं, केस सारखे केले, डेकवर खुर्ची मांडली आणि हात मांडीवर ठेवून प्रश्नाची वाट बघत बसल्या. आपलं मत काय आहे ते त्यांनी जावयालाही सांगितलं नव्हतं, आणि भुवईवरूनही त्याला काही लागत नव्हतं. पण वरच्यांचा अधिकारी घाईत होता. त्याने दाखल्यावरचे शिक्के बघितले, शत्रूच्या न्यायालयाचा शिक्का बघितला, आणि म्हणाला की ज्यांनी त्या लोकांकडून कागद सोडवून आणला त्यांना आणखी त्रास देणं माणुसकीला धरून नाही. सलाम ठोकून तो नावेत उतरलासुद्धा.

“मला विचारलंच नाही,” सासूबाई म्हणाल्या. बंदर येईपर्यंत त्या हेच म्हणत राहिल्या, कधी स्वयंपाक्याला, कधी होकायंत्राला, आणि कुणी नसलं तर समुद्राला.

घरी पोहोचले तेव्हा मुलगी आधीच झाली होती. शेजारीण आणि सुईण दोघींनी मिळून निभावलं होतं. बायको पलंगावर उशीला टेकून बसली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि चेहराभर हसू. उशीर का झाला, असं तिने विचारलं. कप्तान तोंड उघडतो तोच सासूबाई म्हणाल्या, “वाटेत जरा थांबलो. तुझ्या नवऱ्याने मला सोडलं नाही,” आणि चेहरा धुवायला आत निघून गेल्या. बायकोला त्यातलं काही समजलं नाही, पण आईच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून ती नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. कप्तानाने टोपी खुंटीला अडकवायला नको तेवढा वेळ लावला.

मग त्याच्या हातात मुलगी दिली. एवढंसं, गरम, कापडात गुंडाळलेलं. त्याने ती दुर्बीण धरावी तशी दोन्ही हातांनी धरली. सासूबाई तोंड पुशीत बाहेर आल्या आणि म्हणाल्या की असं नव्हे, डोकं या बाजूला, हात खालून. त्याने तसं धरलं. मुलगी तत्काळ रडायला लागली. त्याने पुन्हा आपल्या पद्धतीने धरलं. तरीही ती रडतच राहिली. मग दोघं आपापली पद्धत आळीपाळीने करून बघत राहिले, आणि बायको उशीत तोंड खुपसून हसत होती.